सव्वादहाचा फोन

थंडी यंदा उशिरा आली. गेल्या आठवड्यापर्यंत धायरीत घरोघरी पंखे चालू होते. आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर नाकाचा शेंडा गार पडला, आणि कोपऱ्यावर वळले तर शाळेच्या फाटकाशी बस उभी. बसला टेकून निळ्या गणवेशातल्या तीसेक मुली. गळ्यात स्कार्फ, पायाशी वळकट्या, हातात ताट-वाटी-पेल्याची पिशवी. गाईडचं हिवाळी शिबिर निघालं होतं.

"टॉर्चचे सेल घेतलेस का?" एक आई विचारत होती.

"आई, जा ना आता! सगळ्या बघतायत."

बसच्या दाराशी नव्या बाई यादी हातात धरून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हात हलवला. "बाई, चला की! एक जागा रिकामी आहे."

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं. गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं.

सोळा वर्षं त्या दाराशी मी उभी असायचे. गळ्यात शिट्टी, खांद्याला प्रथमोपचाराची पेटी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी डिसेंबर लागला की हात आपोआप माळ्यावरच्या वळकटीकडे जातो. शिबिराचा हंगाम मला आधी वासानं कळतो. वर्षभर कोठीत घडी घालून ठेवलेल्या तंबूंचा कुबट वास, काथ्याच्या दोरांचा कोरडा वास, दवानं भिजलेल्या लाकडांचा डोळ्यांत जाणारा धूर, आणि एका तंबूत दाटीवाटीनं झोपलेल्या आठ मुलींच्या केसांतल्या तेलाचा वास. कात्रजचा घाट उतरून थोडं आत गेलं की आमची शिबिराची जागा होती. मोठं माळरान, कडेनं करंजाची झाडं, एका बाजूला हिवाळ्यात आटत जाणारा ओढा. टेकाडावर पाण्याची टाकी होती. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त त्या टाकीपाशी. मुलींना फोन आणायची परवानगी नव्हती. घरी काही झालं तर पालक मला फोन करायचे, म्हणून दर तासाला मी टेकाड चढून जायचे.

बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं. "तिला म्हणावं, स्वेटर काढू नकोस." "नीट जेवते का हो?" असेच निरोप.

एका डिसेंबरात तसं झालं नाही. आठ वर्षं झाली. दर थंडीत मी ते सगळं पुन्हा मनात मांडून बघते. कुठे काही वेगळं करता आलं असतं का ते शोधते.

सुजाता तेव्हा नववीत होती. संघनायिका. सहा मुलींचा तिचा संघ तिच्या शिट्टीवर चालायचा. अंगानं किडकिडीत, पण दोर हातात आला की तिची बोटं बघत राहावीत. मी पुस्तकात बघून गाठ शिकवायचे आणि ती हळूच म्हणायची, "बाई, ही अशी सुटेल. बाबा दुसरीकडून वळसा देतात." तिचे बाबा लाइनमन होते. विजेच्या खांबांवर चढून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मग मूत्रपिंडं गेली, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं.

शिबिराच्या संमतिपत्रावर सही आणायला सुजाता आठवडाभर टाळाटाळ करत होती. शेवटी मीच तिच्या घरी गेले. धायरी गावातल्या जुन्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली कॉटवर तिचे बाबा. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला, पण आवाज मात्र खांबावरून खाली हाक मारणाऱ्या माणसाचा.

"घेऊन जा हिला, बाई," ते म्हणाले. "चार दिवस तरी औषधांच्या वासातनं सुटू दे. पोरगी माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ करत बसलीय. तिचं वय आहे का हे?"

तिची आई, शोभाताई, दारात उभी होती. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती काम करायची. तिलाही सुजातानं जावं असंच वाटत होतं, हे तिनं आधीच धुऊन वाळत घातलेल्या निळ्या गणवेशावरून दिसत होतं.

मला सोडायला सुजाता गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथं थांबली.

"बाई, बाबांना काही झालं तर मला सांगाल ना?"

"काही होणार नाही."

"झालं तर. लगेच सांगाल?"

"लगेच सांगीन," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगं, नक्की."

तिनं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. संमतिपत्र. सही चार दिवसांपूर्वीची होती. ती माझ्या शब्दासाठी थांबली होती.

शिबिराचे पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले. गार पाणी, करपलेला उपमा, सकाळी ध्वजाखाली थंडीनं कुडकुडणाऱ्या रांगा. सुजाता दोन दिवसांतच चौदा वर्षांची झाली. म्हणजे होती चौदाचीच, पण दिसायला लागली. तंबूत उशीची मारामारी केल्याबद्दल तिला शिक्षा म्हणून भांडी घासायला लावली, तर तिथेही ती ताटांवर ताल धरून गात होती. मला फार बरं वाटलं. आपण चांगलं काम केलं असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ओढ्यावर दोरांचा पूल बांधायची स्पर्धा होती. सकाळी सव्वादहाला मी टाकीपाशी गेले आणि फोन वाजला.

"बाई, शोभा बोलतेय." मागे दवाखान्याचा गलबला ऐकू येत होता. "यांना आणलंय. श्वास लागला होता. आता बोलतायत, डॉक्टर म्हणतात बघू. सुजाताला न्यायला माझे दीर निघालेत हडपसरवरनं."

"मी सांगते तिला. तयारीत ठेवते."

"नको, नको! सांगू नका. घाबरेल ती. तासाभरात येतीलच ते. तोवर खेळू दे."

"शोभाताई, मी तिला तसं कबूल केलंय..."

"बाई, हात जोडते. मी इथं एकटी आहे. ती रडायला लागली तर मला तिकडचंही टेन्शन. तासाभराचा तर प्रश्न आहे."

मी हो म्हटलं. टेकाडावरून धावत खाली आले आणि शिबिरप्रमुखांना गाठलं. वयस्क, सज्जन गृहस्थ, शिस्तीचे पक्के. "सर, टेम्पो द्या. मी तिला घेऊन जाते. वडील दवाखान्यात आहेत."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आई काय म्हणते?"

"काका न्यायला निघालेत म्हणते."

"मग पालक येतायत. आपण वाटेत, ते इकडे, चुकामूक झाली तर मुलगी कुठे शोधायची त्यांनी? आणि आईनंच सांगू नका म्हटलंय. आपला अधिकार काय, बाई?"

त्यांचं एकही वाक्य चूक नव्हतं. आजही मी ते उलटसुलट करून बघते, चूक सापडत नाही.

ओढ्यापाशी आरडाओरडा चालला होता. सुजाताच्या संघाचा पूल सर्वांत आधी तयार झाला होता. खाली पायांसाठी एक जाड दोर, वर हातांसाठी दोन. तिचे तळवे सोलवटलेले, कपाळाला माती, स्कार्फ पाठीकडे गेलेला.

"बाई, पहिल्या तुम्ही!" ती ओरडली.

"अगं, माझं वजन..."

"तेच तर! तुम्ही पार झालात म्हणजे पूल पक्का." सगळ्या हसल्या.

मी चढले. नाही कसं म्हणणार? चार पावलांवर पूल डुलायला लागला, मी वरचे दोर घट्ट धरून थांबले. पलीकडच्या काठावर ती उकिडवी बसून, दोर धरून माझ्याकडे बघत होती.

"खाली बघू नका, बाई. माझ्याकडे बघा. माझ्याकडेच बघा."

मी तिच्याकडे बघत बघत पार झाले. तिनं मला हात देऊन काठावर ओढलं आणि मिठी मारली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा साडेअकरा झाले होते. काका आले नव्हते.

बारा वाजता फोन केला तर काका कात्रज चौकात अडकले होते. साडेबाराला त्यांचा फोन लागेना. नंतर कळलं, घाटात मोटरसायकल पंक्चर झाली होती आणि ती ढकलत ते दुकान शोधत होते. मी टेकाड चढत होते, उतरत होते. दरवेळी खाली आले की सुजाता कुठेतरी काहीतरी करताना दिसायची. चुलीत लाकूड सारताना, लहान मुलीच्या वेणीला रिबीन बांधताना, पूल जिंकल्याची पाटी तंबूवर लावताना. प्रत्येक वेळी मी तिच्या दिशेनं दहा पावलं टाकली आणि थांबले. एक सांगायचं म्हणजे पुढचं सगळं सांगायचं. बाबा दवाखान्यात आहेत, तू जाऊ शकत नाहीस, थांब. चौदा वर्षांच्या मुलीला हे सांगून तिच्या हाती काय देणार होते मी? असं मी स्वतःला समजावत होते. शिवाय तिच्या आईचे जोडलेले हात दिसत होते. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. ती रडेल याची, ती मला "मग चला ना" म्हणेल याची.

पावणेदोनला जेवणाची पंगत बसली होती. सुजाताच्या संघाकडे वाढप होतं. मी टाकीपाशी होते. शोभाताईचा फोन आला आणि पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. मग कुणा बाईनं फोन घेतला आणि सांगितलं. म्हणाली, पोरीला आत्ता नका बोलू, घरी आली की बघू.

टेकाडावरून मला माळावरच्या दोन रांगा दिसत होत्या आणि मधून भाकऱ्यांची पाटी घेऊन चालणारी ती. मी खाली आले, पंगतीत बसले, कारण न बसले तर तिला कळलं असतं.

"बाई, भाकरी?"

मी ताट पुढे केलं. तिनं दोन वाढल्या. "आज तुम्ही पूल चाललात, दोन खा."

मी खाल्ल्या.

अडीचला काका आले. घामाघूम, हाताला ग्रीस. सुजाता त्यांना बघून उभी राहिली. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं नाही.

"काका? बाबा...?"

"बरं नाही जरा. दवाखान्यात नेलंय. चल."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्हाला फोन आला होता?"

"जा बाळा," मी म्हटलं. "उशीर करू नकोस."

ती काकांच्या मागे बसली. मोटरसायकल मुरमाच्या रस्त्यावरून धूळ उडवत गेली. तिची वळकटी तंबूतच राहिली. संध्याकाळी तिच्या संघातल्या मुली पूल सोडवायला गेल्या, तर एकही गाठ त्यांना सुटेना. शेवटी दोर कापावे लागले.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी वळकटी घेऊन गेले. कॉट हलवली होती. तिथं खुर्चीवर त्यांचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्ती. चार-सहा बायका बसलेल्या. सुजाता भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला.

थोड्या वेळानं ती अगदी हळू म्हणाली, "बाई, फोन किती वाजता आला होता?"

"कुठला?"

"पहिला."

खोटं बोलायला मला जमलं नाही. "सव्वादहाला."

ती मनात हिशेब करतेय हे मला दिसत होतं. सव्वादहा, पावणेदोन. मधे साडेतीन तास. तासाभराचा रस्ता. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. तो मला सोसला नाही.

"सुजाता, अगं, तुझी आईच म्हणाली होती सांगू नका म्हणून."

तेव्हाच शोभाताई चहाचे कप घेऊन आतल्या खोलीच्या दारात आली होती. तिनं ऐकलं. सुजातानं तिच्याकडे बघितलं. मी त्या दोघींच्या मधे बसले होते.

वाक्य खरं होतं. मी ते बोलले, कारण माझ्या अंगावरचं ओझं मला एक क्षणभर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं. तिथं दुसरं कुणी नव्हतं, तिची आई होती.

त्यानंतर सुजाता गाईडला आली नाही. तिचा स्कार्फ एका मैत्रिणीच्या हाती परत आला, धुऊन, इस्त्री करून. दहावी झाल्यावर ती कात्रजला मावशीकडे राहायला गेली. कॉलेज जवळ पडत असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या शिबिरांत मी ठरवलं होतं, निरोप आला की मुलीला लगेच सांगायचा, कुणी काही म्हणो. दोनच वर्षांत वेळ आली. सातवीतल्या एका मुलीची आजी पडली, नंतर सांगा असा घरचा निरोप होता. मी सांगून टाकलं. मुलगी तीन तास हमसून रडली, जेवली नाही, तापली. आजीचा पाय नुसता मुरगळला होता. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. "बाई, लहान मुलांशी काय बोलावं याची काही पोच आहे का आपल्याला?" सगळ्यांसमोर म्हणाले. मी माफी मागितली. त्यांचंही एकही वाक्य चूक नव्हतं. मुलींना आम्ही शिकवायचो, संकटात आधी काय करायचं, मग काय करायचं. रक्त थांबवायचं कसं, मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची. ते सगळं मला अजून पाठ आहे.

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलासाठी गणिताची वही-पुस्तकं घ्यायला बुधवार पेठेत गेले होते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या दुकानासमोर ही गर्दी. एक मुलगी काउंटरपाशी उभ्या उभ्या एक जाडजूड पुस्तक वाचत होती, बराच वेळ. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "इथंच संपवताय का? शेवटची दोन पानं घरी वाचायला ठेवा."

ती मोठ्यानं हसली. हसण्यावरूनच मी ओळखलं.

"बाई!" तीही वळली. "बऱ्या आहात ना?"

शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. ती सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दुपारनंतर अभ्यासिकेत बसते. छान, मोकळं बोलत होती. मग मी विचारलं, "आई कशी आहे?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"बाबांच्या दिवशी जाते मी. वर्षातून एकदा. तासभर बसते." तिनं कप फिरवला. "बाबा दोनदा विचारत होते, पोरगी निघाली का. आईनंच सांगितलं नंतर. म्हणजे बघा."

"सुजाता, तिला तरी कुठे माहीत होतं की... आणि मी होते ना तिथं. राग माझ्यावर धर."

"तुमच्यावर कशाला, बाई?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्ही होतात म्हणून मला कळलं तरी. तुम्ही बोलला नसतात तर मी जन्मभर काकांच्या पंक्चरला दोष देत बसले असते. तुमचे उपकारच आहेत."

हे ती मनापासून बोलत होती.

"मी आईशी बोलू का? तुम्हा दोघींना..."

"नको. तुम्ही नका पडू त्यात." आणि घड्याळ बघून, हसून, ती अभ्यासिकेकडे गेलीसुद्धा.

आज बस सुटली. मुलींनी खिडक्यांतून हात हलवले. मी दुधाची पिशवी घेऊन घराकडे वळायची, ती गावातल्या त्या गल्लीकडे वळले. आठ वर्षं मी तो रस्ता टाळत होते. दार शोभाताईनंच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत.

"बाई? या ना. ती पिशवी द्या इकडे, गार पाण्यात ठेवते."

मी बसले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "शोभाताई, त्या दिवशी मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

"खरं तेच तर बोललात."

"तरी."

"बाई, तासाभराचा तर प्रश्न आहे, हे मीच म्हणाले होते ना? मग? तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" तिनं चहा ठेवला. मग ओट्यापाशी, पाठमोरीच, तिनं विचारलं, "ती भेटते का हो तुम्हाला कधी?"

मी बुधवार पेठेतलं सांगितलं. शेवटचं तेवढं सांगितलं नाही. ती हात पुसत येऊन समोर बसली.

"काय घातलं होतं?"

"हिरवा कुडता. जीन्स."

"बारीक झालीय?"

"नाही, बरी आहे."

"चष्मा?"

"नाही लागलेला."

"इथं येते तेव्हा फोटोकडे बघत बसते. मी समोर असते, पण मला नीट बघता येत नाही तिला." मग ती म्हणाली, "हसली का हो?"

मी दुकानदाराचं बोलणं सांगितलं. शोभाताईनं ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा सावकाश, पुस्तक केवढं होतं, ती कशी उभी होती, सगळं. माझ्याकडे जेमतेम दहा मिनिटांचं होतं. ते मी पुरवून पुरवून सांगत होते.

"लहानपणी हसली की तोंडावर हात धरायची," ती म्हणाली. "अजून धरते का?"

मी आठवून बघितलं. डोळे मिटून, नीट आठवून बघितलं. ते काही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.